अतिदक्षता विभागातला घरजावई

आमच्या आत्याचं तोंड बंद करणं आजवर कुणाला जमलं नव्हतं. ते शेवटी एका नळीनं केलं. न्यूमोनियानं श्वास पुरेना म्हणून तिला मी काम करते त्या खामगावच्या हॉस्पिटलात आणलं, घशातून श्वासनलिकेत नळी घातली, ती व्हेंटिलेटरला जोडली, आणि निवृत्त मुख्याध्यापिकाबाई आयुष्यात पहिल्यांदा गप्प झाल्या. मोताळा तालुक्यातल्या तिच्या गावात ही बातमी पोचली तेव्हा लोक हळहळले, हे खरंच. पण दोन-चार जणांनी सुटकेचा श्वासही सोडला असणार. कोण ते मी सांगू शकते.

त्याचं कारण असं, की आत्या खोटं बोलत नसे. समाजात राहण्यापुरतं जेवढं लागतं तेवढंही नाही. माझं लग्न ठरत असताना पाहुण्यांनी रीतीप्रमाणे विचारलं, मुलीला स्वयंपाक येतो ना. आई हो म्हणायच्या आत ही म्हणाली, "नाही येत. वरण करते त पाणी इकडं न दाळ तिकडं." ते लग्न झालं ते केवळ मुलाला स्वयंपाक येत होता म्हणून. एकदा सरपंचांनी शाळेत येऊन नातवाची प्रगती विचारली, तर तिनं "तुमच्यावरच गेला" एवढंच सांगितलं आणि फळा पुसायला घेतला.

मला शिकवलं तिनंच. तिला मूलबाळ नाही, त्यामुळे तिचा सगळा जीव माझ्यावर आणि सगळा राग उरलेल्या गावावर. मी जंतुशास्त्र शिकले. हॉस्पिटलच्या तळमजल्यावर माझी प्रयोगशाळा आहे. पेशंटचं रक्त, लघवी, बेडका तिथं येतो आणि त्यातले जंतू मी काचेच्या बशीत वाढवून, ते कोण आहेत आणि कुठल्या औषधाला मरतात ते पाहते. आत्या गावात याचं वर्णन "आमची पोरगी किडे पाळते" असं करते. तेही खोटं नाही.

तर आत्या वरच्या मजल्यावर अतिदक्षता विभागात गप्प पडलेली, आणि खाली भेटायला येणाऱ्यांची रीघ. आमच्याकडे आजारी माणसाला भेटायला जाणं हे कर्तव्य आणि रिकाम्या हातानं जाणं हा गुन्हा. आता ज्याच्या घशात नळी आहे तो काही पिऊ शकत नाही, त्याला नाकातून पोटात घातलेल्या दुसऱ्या नळीतून मोजून अन्न देतात, हे मी प्रत्येकाला समजावलं. प्रत्येकानं मान डोलावली. आणि प्रत्येकानं पिशवीतून बाटली काढली. "जास्त नाही वं, फक्त दोन थेंब. घशाले ओल येईन."

काय काय आलं म्हणून सांगू! नारळपाणी तर आलंच. मुगाच्या डाळीचं पाणी आलं, ज्वारीच्या कण्यांची पेज आली. बुद्धविहारात परित्राण पाठ झाला, त्याचं पाणी चुलतभाऊ डोलचीतून घेऊन आला. शेजारच्या खाटेवर रोहिणखेडचे एक बाबा होते, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. त्यांची लेक रोज थर्मासमधून मोसंबीचा रस आणायची आणि सोबत मौलवीसाहेबांनी दुआ फुंकून दम केलेलं पाणी. पलीकडे मेहकरकडच्या एका गुरुजींना ठेवलं होतं, त्यांच्यासाठी तीर्थ यायचं, तांब्याच्या गडूत. संध्याकाळी भेटीची वेळ झाली की एकेक माणूस चपला काढून आत जायचा आणि थोड्या वेळानं प्रसन्न चेहऱ्यानं बाहेर यायचा. मला वाटायचं, आजारी माणूस बघून लोक इतके खूश कसे होतात? पण मला खाली बशा होत्या, त्यात डोकं घालायचं होतं.

मग आत्याचा उतरलेला ताप पुन्हा चढला. नळीतून ओढलेला बेडका माझ्या टेबलावर आला. दुसऱ्या दिवशी बशीचं झाकण उघडलं आणि ओळखीचा हिरवट रंग दिसला. या जंतूचं शास्त्रीय नाव स्यूडोमोनास. आम्ही प्रयोगशाळेत त्याला घरजावई म्हणतो. एकटा-दुकटा असतो तेव्हा तो पाहुण्यासारखा, औषधानं निघून जातो. पण कुठं ओल सापडली, की हा तिथं चिकटतो, गोतावळा जमवतो आणि सगळे मिळून स्वतःभोवती एक बुळबुळीत थर तयार करतात. पाण्याचा रांजण बरेच दिवस घासला नाही तर आतून हात निसटतो ना, तसा थर. रांजण नुसता विसळून तो जात नाही, काथ्यानं खरवडावा लागतो. आत्याच्या घशातल्या नळीला आतून तोच थर आला होता, आणि तिथं काथ्या घालता येत नाही. शिरेतून दिलेलं औषध त्या थराच्या बाहेरच्या दारावर टकटक करतं, आतले जंतू निवांत असतात. वर हा घरजावई औषधांनाही सरावलेला. बशीत औषधाच्या चकत्या ठेवल्या की लागू पडणाऱ्या चकतीभोवती मोकळं वर्तुळ दिसतं. यानं जवळजवळ सगळ्या चकत्यांना टेकून संसार मांडला होता. एकच जुनं औषध उरलं, आणि ते असं की जंतूंबरोबर मूत्रपिंडालाही मारतं.

तसा रिपोर्ट मी दुसऱ्यांसाठी कितीदा लिहिलाय. सही करते, वर पाठवते, चहा पिते. या वेळी चहा प्यायले नाही. मी घाबरले होते, आणि मी घाबरले की मला राग येतो.

त्याच सुमारास शेजारच्या ड्रायव्हरबाबांचा बेडका आला. त्यातही तोच हिरवा, त्याच औषधांना तसाच निगरगट्ट. म्हणजे जंतू एका ठिकाणाहून दोन्हीकडे जात होता. कुणाच्या तरी हातून, किंवा कशाच्या तरी वरून. ते ठिकाण सापडलं नाही तर उरलेलं एकमेव औषध देऊन उपयोग नव्हता, कारण आज मारलेला जंतू उद्या परत येणार.

माझा पहिला संशय थेट मोठ्या सरांवर. आमचे मोठे सर म्हणजे हॉस्पिटलचे प्रमुख डॉक्टर, पुण्यात शिकलेले, निष्णात आणि लोकप्रिय. लोकप्रिय इतके, की बरा झालेला पेशंट त्यांच्या मनगटाला धागा बांधून जातो. लाल, काळा, पिवळा, जरीचा. सर कुणाचं मन मोडत नाहीत, म्हणून कुणाचा धागा काढत नाहीत. त्यांचं मनगट दर्ग्याच्या जाळीसारखं झालेलं. ओला धागा म्हणजे जंतूंना आयतं घर. आता साहेबांना सरळ कसं सांगायचं? मी माझ्या बशा घेतल्या, वर गेले आणि जाहीर केलं, "आज सगळ्यांचे हात पाहते."

सिस्टर, वॉर्डबॉय, मावशी, सगळे रांगेत. मनगट बशीवर दाबायचं, नाव सांगायचं. "मॅडम, परदेशाचा योग हाय का पाहा न," एक वॉर्डबॉय म्हणाला. मी म्हटलं, "आधी साबणाचा योग पाहू." शेवटी सरही आले. धाग्यांचा तो जुडगा त्यांनी मोठ्या ऐटीत बशीवर टेकवला. "मॅडम, ही लोकांची भावना आहे. जंतूंनासुद्धा तिचा आदर असेल."

दोन दिवस मी मनातल्या मनात त्यांना सुनवायची वाक्यं घोळवत होते. एकेक वाक्य असं धारदार, की आत्याला अभिमान वाटावा. बशा उघडल्या. सरांच्या धाग्यांवर नाना प्रकारचे जंतू होते, अगदी आठवडी बाजार भरला होता, पण हिरवा नव्हता. कुणाच्याच मनगटावर नव्हता. वाक्यं तशीच वाया गेली.

इकडे आत्यानं नवीन उद्योग सुरू केला. शुद्धीवर असताना ती नळी उपसेल म्हणून तिचे हात मऊ पट्टीनं खाटेला बांधले होते. मोकळं होतं ते उजव्या हाताचं बोट, ज्यानं तिनं पिढ्यान्‌पिढ्या पोरांना वर्गाबाहेर काढलं. भेटायला कुणी आलं की ती ते बोट समोर रोखायची आणि डोळे मोठे करायची. समोर म्हणजे तिच्या आणि ड्रायव्हरबाबांच्या खाटांच्या मधोमध येणाऱ्या समोरच्या भिंतीवर. तिथं वर घड्याळ होतं आणि खाली बेसिन.

या बोटाचे अर्थ लावण्यात सगळं गणगोत गुंतलं. घड्याळ पाहून एक म्हातारी रडायलाच लागली, म्हणाली वेळ जवळ आली असं सांगून राह्यली. चुलतभाऊ म्हणाला, "नाही वं, नळाकडं दाखवून राह्यली. माय माही तहानेनं मरून राह्यली न तुम्ही कोणी पाणी देत नाही!" हा अर्थ बहुमतानं मंजूर झाला. दुसऱ्या दिवसापासून बाटल्या दुपटीनं वाढल्या.

ते बेसिन म्हणजे मोठ्या सरांचं लाडकं काम. हात खाली धरला की आपोआप पाणी सोडणारा नळ. उद्घाटनाला त्यांनी पेढे वाटले होते. सगळा स्टाफ तिथं निष्ठेनं हात धुवायचा, आणि बाजूच्या ओट्यावर पेशंटच्या नळ्या साफ करण्याच्या सामानाचा ट्रे ठेवलेला असायचा, हाताशी बरं म्हणून.

त्या दिवशी मी भेटीच्या वेळी आत्याजवळ उभी होते. तिनं बोट रोखलं. मी विचारलं, "पाणी पाहिजे?" तिनं नाही अशी मान हलवली आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं ती पाढा चुकणाऱ्या पोराकडे बघते. तेवढ्यात ड्रायव्हरबाबांची लेक आली. बाबांच्या कपाळावरून हात फिरवला, थर्मासच्या झाकणात रस ओतला आणि झाकण सिस्टरच्या हातात दिलं. "द्या ताई, म्या पाजते सावकाश," सिस्टर म्हणाली. "तुम्ही बाहेर बसा, वेळ झाली." लेक बाहेर गेली. सिस्टरनं दोन पावलं टाकली, रस बेसिनमध्ये ओतला, नळाखाली हात धरून झाकण विसळलं आणि दाराशी जाऊन म्हणाली, "देल्लं बरं. दोन घोट पेल्ले, चांगले पेल्ले."

आणि दारातून मला तोच प्रसन्न चेहरा दिसला, रोज बाहेर येणाऱ्या माणसांचा. आत्याचं बोट आता बेसिनवरून सिस्टरवर, सिस्टरवरून बेसिनवर असं नाचत होतं. मुख्याध्यापिकाबाईंनी चोरी पकडली होती, रोज पकडत होत्या, आणि तक्रार ऐकायला सगळ्या शाळेत कुणी नव्हतं.

मला हसू आलं आणि लगेच अंगावर काटा आला. नारळपाणी, पेज, मोसंबी, तीर्थ, दमाचं पाणी, परित्राणाचं पाणी, असा जिल्ह्याचा सगळा सर्वधर्मसमभाव रोज संध्याकाळी त्या एका बेसिनमध्ये जात होता. गोड, पौष्टिक आणि भरपूर. घरजावयाला सासुरवाडीत याहून जास्त काय लागतं?

सिस्टरला मी कोपऱ्यात घेतलं आणि नको तितक्या जोरात बोलले. ती हिवरा आश्रमाकडची, शांत पोरगी. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मॅडम, आंधी म्या नाहीच म्हणत होती. एक आजी दाराशीच रडत बसली, म्हणे लेकरू तहानेलं ठेवता तुम्ही. मंग एक दिवस घेतलं न देल्लं म्हणून सांगतलं, त हसत घरी गेली. काऊन नाही म्हणू मी? मले काय माहीत नळ ऐकून राह्यला म्हणून!"

मी म्हटलं, "मग निदान बादलीत तरी ओतायचं!"

"बादली कोठी हाय?"

बादली खरंच नव्हती. मी विषय बदलला.

प्लंबरला बोलावून बेसिनखालचा वळणाचा पाइप उघडला. आत जे होतं त्याचं वर्णन जेवणापूर्वी वाचणाऱ्यांसाठी टाळते. एवढंच सांगते, की ते जेलीसारखं लोंबत होतं आणि प्लंबरनं, ज्याचा जन्म गटारात गेला, त्यानं नाकाला रुमाल लावला. मी त्यातला थोडा नमुना बशीत टाकला, बाकीचा झाकणाच्या बरणीत भरला. बशीत उगवला तो हिरवाच, त्याच औषधांना तसाच निगरगट्ट. पाणी सुटलं की धार सरळ बेसिनच्या जाळीवर आपटायची, त्या थरातले तुषार उडायचे आणि शेजारच्या ट्रेवर बसायचे. तेच सामान मग आत्याच्या नळीत, बाबांच्या नळीत. सगळे हात धूत होते म्हणूनच हे चाललं होतं.

बरणी घेऊन मी मोठ्या सरांच्या केबिनमध्ये गेले. बेसिन काढून टाका म्हटलं. ते हसले. "हात धुण्याची जागा काढा म्हणणारी जंतुतज्ज्ञ मी पहिल्यांदाच पाहतोय." मी बरणी त्यांच्या चहाच्या कपाजवळ ठेवली आणि झाकणाला हात घातला. "मॅडम, थांबा," ते म्हणाले, आणि फोन उचलला. संध्याकाळपर्यंत बेसिन भिंतीवरून उतरलं. त्याच्या जागी हातावर चोळायच्या औषधाच्या बाटल्या लागल्या, प्रत्येक खाटेला एक, आणि हात धुवायची सोय बाहेर पॅसेजमध्ये गेली. ट्रे हलला. सरांनी धागेही काढले, न सांगता. मी काही बोलले नाही, म्हणजे फारसं नाही.

आत्याची जुनी नळी काढून नवी घातली आणि ते शेवटचं औषध सुरू झालं. रोज सकाळी तिच्या रक्ताचा मूत्रपिंडाचा रिपोर्ट बघताना मी आधी एक डोळा मिटून घ्यायची. आकडा वाढला, मग थबकला, मग खाली आला. तेच औषध शेजारी ड्रायव्हरबाबांनाही चालू होतं. त्यांचं शरीर आधीच थकलेलं. मूत्रपिंडं बंद पडली आणि ते गेले. बेसिन भिंतीवरून उतरलं त्याच आठवड्यात. मला त्यांचं फार वाईट वाटलं, आणि त्यात एक लाजिरवाणा आनंदही होता की आत्या नाही गेली. दोन्ही खरं होतं.

पुढचे दिवस मी सूडानं पेटले होते. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला जिन्याखाली अडवायचं, बरणी दाखवायची आणि विचारायचं, "हे काय आहे माहितेय? तुमचं नारळपाणी." काही जण पांढरे पडले. चुलतभावानं बरणी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, "बाप्पा! मंग आता हे आणलेलं कोठी देऊ?" मी म्हटलं, "मला दे." त्या पंधरवड्यात मी इतकं नारळपाणी प्याले की माझंच तोंड गोड व्हायला हवं होतं. पण मी ठरवलं होतं, जो जो आला त्याला खरं सांगायचं. खोट्यानंच हे सगळं झालं होतं. आत्याचीच शिकवण होती ती, आणि मी तिची विद्यार्थिनी.

आत्याची नळी निघाली. तिला साध्या वॉर्डात हलवलं. घसा सोललेला, आवाज फुटत नव्हता, डॉक्टरांनी बोलू नका म्हटलेलं. ती डोळ्यांनी बोलायची, आणि त्यातलं बरंचसं सिस्टरबद्दल असायचं. मी म्हणायची, आवाज आला की काय ते सांग, सगळ्यांसमोर सांग. ती मान डोलवायची. तयारी चालली होती म्हणा ना.

एका दुपारी वॉर्डाच्या दारात ड्रायव्हरबाबांची लेक उभी. काही कागद न्यायला आली होती, आत्या वाचली असं कळलं म्हणून वर आली. एका खोलीत दोन खाटांवर आपली माणसं होती, म्हणजे नातंच ते. ती आत्याच्या पायाशी बसली. आत्याचा हात हातात घेतला. मग तिनं मला विचारलं, "मॅडम, तुम्ही तं तेथीच होत्या. एक विचारू? अब्बा लय बोलले नाही शेवटी. मी रोज रस आणे. मोसंबीचा. त्यायले लय आवडे. सिस्टर म्हणे पेतात म्हणून. खरंच पेत होते न?"

बरणी माझ्या पर्समध्ये होती. मी तोंड उघडलं. या बाईला तरी खरं कळलंच पाहिजे, असं मला त्या क्षणी अगदी मनापासून वाटत होतं. वाक्यही तयार होतं.

आत्यानं माझा दंड धरला. जोरात, नखं रुतली. आणि व्हेंटिलेटरवरून सुटल्यापासून तिचा पहिला आवाज फुटला, घोगरा, फाटका, मुख्याध्यापिकेचाच.

"पेत होते वं पोरी," आत्या म्हणाली. "म्या पाह्यलं न रोज. थेंब ठेवत नव्हते."